ज्यांना ऐकत वाढलो, त्यांच्या साथीला बसताना

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात साथसंगतीविषयी लिहिल्यानंतर सांगली, मिरज, सातारा आणि कऱ्हाड या भागांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी अनेकांत एकच अवस्था वेगवेगळ्या शब्दांत मांडलेली होती. ज्या कलावंताला वर्षानुवर्षे केवळ ऐकले, त्याच्याबरोबर प्रत्यक्ष काम करण्याची वेळ आल्यावर काय करावे, कसे वागावे आणि कशाची तयारी करावी, हे पत्रलेखकांना जाणून घ्यायचे आहे. म्हणून या वेळी याच विषयावरील पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि संवादिनी वाजवते. पुढील महिन्यात एका ज्येष्ठ गायिकेला साथ करण्याचा योग आला आहे. शाळेत असल्यापासून मी त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकत आले आहे. त्यांचा यमन मला अक्षरशः पाठ आहे. तयारी कशी करावी, आणि त्यांच्याविषयी मला जे वाटते ते त्यांना सांगावे का? आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटते.

धास्ती वाटणे स्वाभाविक आहे आणि ती पहिल्या ख्यालाच्या चार-दोन आवर्तनांपर्यंत राहील, असे धरूनच चाला. आपल्या पत्रातील ज्या वाक्याने मला थांबवले, ते दुसरेच आहे. त्यांचा यमन आपल्याला पाठ आहे, असे आपण अभिमानाने लिहिता, आणि साथीला बसणाऱ्या रसिकाची खरी अडचण नेमकी तिथे सुरू होते. ध्वनिमुद्रणात त्या निषादावरून निघून, रिषभाला स्पर्श करून गंधारावर थांबतात आणि तिथून पंचमाला जातात, हे आपल्या बोटांना इतके ठाऊक झालेले असते की त्या गंधारावर आल्या, की आपले बोट पंचमाच्या पट्टीवर जाऊन बसते. त्या संध्याकाळी त्या गंधारावरून मागे रिषभाकडे वळल्या, तर आपला पंचम तोवर वाजून गेलेला असतो. श्रोत्यांना काहीतरी खटकले एवढेच जाणवते. गायिकेला मात्र स्पष्ट कळते की शेजारी बसलेली मुलगी आपल्याला ऐकत नसून आपल्या जुन्या मैफलीला ऐकते आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की उरलेल्या दिवसांत त्यांची ध्वनिमुद्रणे बाजूला ठेवा. त्याऐवजी ज्यांचे गाणे आपण कधीच ऐकलेले नाही अशा गायकांच्या रियाजाला पेटी घेऊन बसा, मग ते शिकाऊ विद्यार्थी असले तरी चालतील. पुढचा स्वर कोणता येणार याचा अंदाज बांधण्याची सोयच नसली, की कान आपोआप जागा राहतो आणि बोटे त्याच्या मागून चालू लागतात. गायकाच्या किंचित मागे राहून वाजवणे हा साथीचा पाया आहे. आलापात त्यांच्या वाक्याचा शेवट उचलावा, तानेत शेवटचा तुकडाच तेवढा घ्यावा, मुखडा मात्र बरोबरीने धरावा, आणि त्या श्वास घेण्यास थांबल्या तर ती जागा भरून काढण्याची घाई करू नये. त्यांच्या थांबण्यालाही अर्थ असतो, आणि तंबोरे ती जागा सांभाळायला समर्थ असतात.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गायिका आपला षड्ज कोणत्या स्वरावर धरतात याची. त्या ‘काळी चार’ या पट्टीत गातात असे आपण ध्वनिमुद्रणांवरून ठरवले असेल, तर ते प्रत्यक्ष विचारून घ्या. वाढत्या वयाबरोबर अनेक गायकांची पट्टी अर्ध्या-एका स्वराने उतरते, आणि जुन्या मुद्रणांची गती मूळ गाण्याइतकीच असते याचीही खात्री देता येत नाही. फोनवर विचारायचे ते एवढेच, की सध्या पट्टी कोणती, तंबोरे त्या स्वतः आणणार की आयोजकांनी द्यायचे, आणि पेटी मांडताना त्यांना ती किती जवळ हवी असते. कोणते राग गाणार हे विचारू नये. पुष्कळ कलावंत ते रंगमंचावर तंबोरे जुळल्यानंतरच ठरवतात, आणि आधी विचारल्यास त्यांना उगाच बांधून घेतल्यासारखे होते. पट्टी कळली की चेंजरवर (पट्टी बदलण्याची पेटीतील सोय) विसंबून न राहता त्याच पट्टीतून सरळ वाजवण्याचा सराव करावा, कारण ऐन वेळी दुसरी पेटी पुढ्यात आली, तर हाच सराव उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट गंधाराची, आणि ती मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण यमन म्हटले की ती टाळता येत नाही. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. त्याची कंपनसंख्या षड्जाच्या सव्वापट असते. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर हा गंधार ३०० वर येतो. पेटीचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असल्यामुळे तिचा गंधार मात्र ३०२.४ च्या आसपास पडतो, म्हणजे तो किंचित चढा असतो. पंचमात हा फरक जवळजवळ जाणवत नाही, पण गंधारात तो कानाला चांगलाच बोचतो. ज्या गायिकेने आयुष्यभर तंबोऱ्याच्या गंधारात आपला गंधार मिसळला आहे, ती विलंबितात त्या स्वरावर स्थिरावलेली असताना आपण भाता दाबून पेटीचा गंधार धरून ठेवला, तर दोन गंधार एकमेकांवर घासतात. अशा वेळी गंधारावरचे बोट हलकेच उचलावे, षड्ज धरावा किंवा आवाज अगदी पुसट करावा. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला जो मज्जाव केला, त्यामागील आक्षेपांपैकी हा एक महत्त्वाचा आक्षेप होता, आणि ती बंदी सैल होण्यास तीन दशके जावी लागली. आपल्या पूर्वीच्या उत्तम संवादिनीवादकांनी तो आक्षेप वाद घालून नव्हे, तर कोणत्या स्वरावर किती वेळ थांबायचे याच्या विवेकाने निष्प्रभ केला.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मनातील आदर जरूर सांगावा, परंतु मैफलीनंतर. आधी नमस्कार करावा, पेटी मांडावी, षड्ज द्यावा आणि त्यांचे तंबोरे जुळेपर्यंत शांत बसावे. गाण्यापूर्वी कलावंताचे मन आत वळलेले असते, आणि त्याच वेळी आपण आपल्या बालपणाच्या आठवणी सांगू लागलो, तर त्या सौजन्याने ऐकून घेतील, पण त्यांचे लक्ष विचलित होईल. सांगताना एका गोष्टीची काळजी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. ‘आपला तो तेव्हाचा यमन’ असे सत्तरीतील गायिकेला म्हटले, की तिच्या कानाला त्यात ‘आता तसा राहिला नाही’ हेच ऐकू येण्याची शक्यता असते. त्याऐवजी त्या रात्री त्यांनी घेतलेली एखादी जागा नेमकी सांगा. ती जागा आपण पकडली होती, हे त्यांच्या ध्यानात आले, तर त्यांना त्याहून मोठी दाद नको असते.

मी मिरजेत गायन शिकते. माझ्या गुरूंनी मला एका फार मोठ्या गायकांच्या मागे तंबोऱ्यावर बसायला सांगितले आहे. गायनसाथही द्यावी लागेल का, हे कोणी स्पष्ट सांगत नाही. इतक्या जवळ बसून मी चुकले तर काय होईल, या विचाराने झोप लागत नाही.

आपण मिरजेत शिकता, हे आपले भाग्य आहे. ज्या गावात किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी वास्तव्य केले, जिथे ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात ते चिरविश्रांती घेत आहेत आणि जिथे उरुसात संगीतसभेची परंपरा चालत आली आहे, त्या गावात तंबोरा हे दुय्यम वाद्य आहे असे कोणीही मानत नाही. तेव्हा हे काम किरकोळ समजून किंवा कोणी आपल्याकडे पाहणार नाही असे समजून बसू नका.

छेडण्याविषयी आपल्याला शिकवलेले असेलच, तरी उजळणी म्हणून लिहितो. पहिली तार मधल्या बोटाने, नंतरची जोडी आणि खर्ज तर्जनीने, आणि चारही तारांमध्ये सारखेच अंतर राखून छेडावे. बोट तारेवर आपटू नये, ते तारेवरून सरकत जावे. तबला सुरू झाल्यानंतर नवख्या हाताची लय नकळत ठेक्याला जाऊन चिकटते आणि द्रुतात तंबोराही धावू लागतो. हे कटाक्षाने टाळावे. तंबोऱ्याची गती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहिली पाहिजे.

रंगमंचावर जाण्यापूर्वी बराच वेळ आधी तंबोरा गवसणीतून बाहेर काढून ठेवा, म्हणजे लाकूड आणि तारा तिथल्या हवेला सरावतील. वैशाखातील सांगली-मिरजेचा उकाडा किंवा सभागृहातील थंडगार यंत्राची हवा, या दोहोंतही तारा सरकतात. ख्याल चालू असताना स्वर किंचित हलला आहे असे वाटले, तर घोडीखालच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखालच्या) मण्याने अगदी केसभर फरक करावा, तोही आवर्तनाच्या मध्ये शांतपणे. खुंटीला हात मात्र गायकांनी मागे वळून खूण केल्याशिवाय लावू नये. खुंटी सटकली, तर पूर्ण मैफल थांबते. घोडी आणि तार यांच्यामधील जवारीचा, म्हणजे तारेला गुंजारव देणारा, दोरा गायकांनी स्वतः बसवला असेल, तर त्याला हात लावण्याचे कारणच नाही.

गायनसाथीबाबत संकेत असा, की बोलावल्याशिवाय गाऊ नये. मोठे गायक मान किंचित मागे वळवतात, डावा हात थोडा मागे आणतात किंवा तार षड्जावर पोहोचून आवाज आवरता घेतात. ही बोलावणी असतात, आणि त्यांच्या पद्धतीत कोणती खूण चालते हे आपल्या गुरूंना विचारून घ्यावे. बोलावल्यावरही त्यांनी सोडलेला स्वर तेवढाच, त्यांच्यापेक्षा कमी आवाजात धरून ठेवावा, किंवा मुखडा त्यांच्याबरोबर म्हणावा. आपल्याला येत असलेली तान दाखवण्याची ती जागा नाही. समोरच्या रांगेतील कोणी आपल्याकडे कौतुकाने पाहत असले, तरी आपले डोळे गायकांच्या पाठीवरच असू द्यावेत.

चुकण्याच्या भीतीविषयी एवढेच म्हणेन, की त्या जागेवर बसणाऱ्याला जे ऐकायला मिळते, ते सभागृहातील पहिल्या रांगेतही मिळत नाही. गायक श्वास कुठे घेतात, लांब तानेच्या आधी खांदे कसे सैल सोडतात, एखाद्या स्वराला जाण्यापूर्वी तो मनातल्या मनात लावून कसे पाहतात, हे मागूनच कळते. ध्वनिमुद्रणात तर श्वासाचे हे सगळे हिशेब बहुतेक वेळा हरवलेलेच असतात. आपण त्यांची जी गाणी ऐकून वाढलात, ती कशी घडतात, हे त्या रात्री आपल्या हातभर अंतरावर उलगडणार आहे. कानाला दुसरे काम देऊ नका, म्हणजे भीतीला जागा उरणार नाही.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये घडवली जातात. एका नामवंत सतारवादकांची मोठी ऑर्डर आमच्या कारखान्यात आली. त्यांचे वादन ऐकतच मी या व्यवसायात रमलो. सतार तयार झाली, परंतु जवारी, म्हणजे तारेच्या गुंजारवासाठी घोडीचा माथा घासून केलेली जुळणी, त्यांनी पुन्हा पुन्हा परत पाठवली. वडील म्हणतात, मोठी माणसे अशीच असतात. मला मात्र आपली कारागिरीच कमी पडली, असे वाटू लागले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब सतारमेकरांनी मिरजेत जी परंपरा उभी केली आणि ज्या परंपरेतील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या परंपरेतील घराण्याच्या कारागिराने जवारी परत आल्यामुळे इतके खचून जावे, याचे मला वाईट वाटले. जवारी परत येणे हा या कामाचा नेहमीचा भाग आहे. घोडीचा माथा किती सपाट ठेवायचा आणि त्याला उतार किती द्यायचा, यावर तारेचा गुंजारव अवलंबून असतो, आणि तो कसा असावा याविषयी दोन थोर वादकांचेही एकमत होत नाही. पंडित रविशंकरांच्या सतारीची जवारी खुली आणि झळाळती असे, तर उस्ताद विलायत खाँ यांच्या सतारीची जवारी बंद, गळ्याच्या आवाजाकडे झुकणारी असे. म्हणजे दोन्ही वाद्ये उत्तम असूनही एकाची जवारी दुसऱ्याला मुळीच चालली नसती.

आपल्याकडून एक गोष्ट राहून गेली असावी, असे पत्रावरून वाटते. आपण त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकून त्या आवाजाच्या दिशेने घोडी घासली आहे. मुद्रणात मायक्रोफोन, सभागृह आणि त्या वेळची सतार असे सगळे मिसळलेले असते. शिवाय गेल्या काही वर्षांत त्यांना हवा असलेला आवाज बदललेलाही असू शकतो. म्हणून पार्सलने वाद्य पाठवण्याऐवजी एकदा त्यांच्याकडे स्वतः जा, किंवा त्यांना मिरजेला येण्याची विनंती करा. त्यांच्याकडे असलेल्या वाद्यांपैकी ज्याचा आवाज त्यांना आज सर्वांत जवळचा वाटतो, ते त्यांच्याच हातून वाजवून घ्या. ते काळी एकमध्ये लावतात की पांढरी दोनमध्ये, तारा कोणत्या जाडीच्या वापरतात, नखी किती जड आहे, हे सर्व टिपून घ्या आणि आपल्या सतारीवर त्याच तारा, तीच पट्टी ठेवून मगच कानस हातात धरा. वादकाच्या जागेवर बसून आणि समोर बसून, अशा दोन्ही ठिकाणांहून ऐका, कारण या दोन जागी जवारी सारखी ऐकू येत नाही.

कानस चालवताना मात्र आपण कारागीर आहात हे विसरू नका. शिंगाची किंवा हाडाची घोडी जेवढी घासली जाते, तेवढी ती कमीच होते. ती पुन्हा भरून येत नाही. त्यांनी सांगितलेला बदल घोडीला झेपणार नाही, असे आपल्याला दिसले, तर ते नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. नवी तबली (सतारीच्या भोपळ्यावरील लाकडी फळी) काही महिने वाजल्यानंतर मोकळी होते आणि आज ज्याची उणीव वाटते ते पुष्कळदा तोवर आपसूक येते, हेही त्यांना सांगा. ज्यांचे वादन आपण भक्तिभावाने ऐकले, त्यांच्यासमोर ‘हे करू नये’ असे म्हणणे अवघड असते, हे मी जाणतो. पण त्यांनी मिरजेच्या कारागिराकडे वाद्य घडवायला दिले, ते त्याच्या हाताइतक्याच त्याच्या निर्णयावरही विश्वास ठेवून.

मी साताऱ्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या शहरात एक वयोवृद्ध गायक आहेत. तरुणपणी त्यांची नाट्यपदे आणि भजने मी असंख्य वेळा ऐकली. आता त्यांच्याकडील चिजा आणि त्यांची गायकी नोंदवून ठेवावी, अशी इच्छा आहे. मला संगीताचे शास्त्रीय ज्ञान बेताचेच आहे. त्यांना कसे विचारावे?

आपल्याच जिल्ह्याशी निगडित असलेले एक उदाहरण मला या प्रसंगी आठवते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना सप्तकातील बावीस श्रुतींचा, म्हणजे सूक्ष्म स्वरांचा, छडा लावायचा होता, आणि साताऱ्यात जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स हे इंग्रज गृहस्थही त्याच ध्यासाने पछाडलेले होते. दोघेही पेशाने गवई नव्हते. देवलांनी आपले प्रयोग १९१० मध्ये इंग्रजी पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले, आणि या साऱ्या खटाटोपात त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा मोठा आधार मिळाला. पुढे याच विचारातून श्रुतींची पेटीही तयार करवून घेण्यात आली. त्यांच्या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ वाद झाले आणि त्यांतील सगळेच आज मान्य होणार नाही, परंतु खाँसाहेबांसारखा कलावंत या दोघांबरोबर बसला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी खाँसाहेबांपुढे नुसती स्तुती ठेवली नव्हती. त्यांच्याकडे प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर गळ्यातूनच मिळणार होते.

आपणही असाच प्रश्न घेऊन जा. ‘आपल्या आठवणी सांगा’ असे म्हटले, तर पूर्वी अनेकांना सांगितलेल्या चार आठवणी पुन्हा ऐकायला मिळतील. त्याऐवजी ‘हे पद आपण तरुणपणी ज्या लयीत गात होता आणि नंतर ज्या लयीत गाऊ लागलात, त्या दोन्ही लयींत एकदा म्हणून दाखवाल का’ असे विचारा. आपण असंख्य वेळा ऐकले आहे, त्यामुळे असे प्रश्न आपल्याला सुचतील. शास्त्र कमी असले, तरी या कामी आपला कान पुरेसा आहे. स्वरलेखन करू शकणारा एखादा विद्यार्थी सोबत न्या, साताऱ्यात असे विद्यार्थी निश्चित मिळतील.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. बैठक अर्ध्या-पाऊण तासापेक्षा लांबवू नका, आणि ती त्यांच्या गळ्याच्या सोयीच्या वेळी ठेवा. ध्वनिमुद्रणाआधी त्यांची आणि घरच्यांची लेखी संमती घ्या. त्या कागदावर मुद्रण कोणाकडे राहील, कोणाला ऐकवता येईल आणि समाजमाध्यमांवर टाकता येईल की नाही, हे स्वच्छ शब्दांत लिहिलेले असावे. प्रत्येक मुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी दिली पाहिजे. वृद्ध कलावंताचा आज थकलेला आवाज कोणीतरी विनापरवानगी पसरवावा आणि लोकांनी त्यावर शेरे मारावेत, असे घडता कामा नये. याबाबत मी अतिशय आग्रही आहे.

मी कऱ्हाडजवळ राहतो आणि तबला वाजवतो. ज्यांच्या गाण्याची मी लहानपणापासून पूजा केली, त्या गायकांनी भर मैफलीत माझ्यावर आवाज चढवला. नंतर मानधनाचा विषय काढला, तेव्हा आयोजकांनी ‘एवढ्या मोठ्या माणसाबरोबर वाजवायला मिळाले, ते काय कमी आहे’ असे उत्तर दिले. मी काय करावे?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

रंगमंचावर गायक लय कमी करण्यास सांगतो, हाताने मात्रा दाखवतो, प्रसंगी थोड्या कडक स्वरातही बोलतो. गाणे चालू असताना त्याच्याकडे गोड शब्द शोधण्यास वेळ नसतो, आणि त्याने सांगितले ते बरोबर होते का, एवढेच आपण नंतर तपासावे. तसे असेल, तर ते काही दिवसांत मनातून जाईल. परंतु आपल्या कुवतीविषयी, घराविषयी किंवा गुरूंविषयी श्रोत्यांसमोर अपशब्द काढले गेले असतील, तर तो संगीताचा भाग नव्हे. कितीही मोठ्या गळ्याला तसे बोलण्याची मुभा नाही, आणि त्यांच्याविषयी मनात पूर्वीइतका आदर राहिला नाही, म्हणून आपण कृतघ्न ठरत नाही. त्यांचे गाणे आवडत राहणे आणि त्यांच्यासोबत पुन्हा न बसण्याचे ठरवणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला शक्य आहेत. पुन्हा बोलावणे आले आणि जाण्याची इच्छा असली, तर त्याआधी आपल्या गुरूंच्या किंवा दोघांनाही ओळखणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ साथीदाराच्या कानावर ही हकीकत घालावी. अशा गोष्टी मध्यस्थाच्या तोंडून लवकर समजतात.

मानधनाचा प्रश्न मात्र सर्वस्वी आयोजकांचा आहे, आणि त्यांचे उत्तर मला अजिबात पटलेले नाही. गायकाच्या नावावर तिकिटे विकायची आणि साथीदाराला त्याच नावाच्या मोठेपणावर बोळवायचे, ही रीत आपल्याकडे फार काळ चालत आली आहे. ती केवळ आपल्यासारख्या नवोदितांच्या संकोचावर टिकून आहे. या मैफलीसाठी त्यांना सौम्य भाषेत पत्र लिहून तारीख, स्थळ, वाजवलेला वेळ आणि प्रवासखर्च कळवा आणि मानधनाची मागणी करा. पुढील प्रत्येक वेळी रक्कम आणि येण्याजाण्याची व्यवस्था तारीख ठरतानाच विचारून घ्या. एखाद्या देवस्थानात किंवा स्मृतिसभेत सेवा म्हणून वाजवायचे असेल, तर तसे आधी ठरलेले असावे, आणि ती सेवा आपण स्वखुशीने करत असावी.